मधला ढीग

मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी जुगाराचे पुस्तक असावे, हे आमच्या सौभाग्यवतींना अजून पटलेले नाही. पुस्तक डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन खेळाडूचे, ‘द थिअरी ऑफ पोकर’, १९८७ सालचे. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मिळाले तेव्हा मी ते डावपेचांसाठी वाचले होते. यंदा पुन्हा वाचताना अडलो तो एका बाळबोध नियमाशी: ढिगात टाकलेला पैसा तुमचा राहिलेला नसतो.

पोकर ठाऊक नसेल त्यांनी आपली तीन पत्ती आठवावी. जो तो मध्ये पैसे टाकतो. जिंकेल त्याचा ढीग. म्हणजे गेले ते गेले, एवढेच ना? नाही, पुढे हिशेब आहे. मध्ये शंभर रुपये आहेत आणि डावात राहायला वीस लागतात, तर सहांतून एकदा जिंकलो तरी बरोबरी होते. त्या शंभरांत माझे पाच की पन्नास, याने काडीचा फरक पडत नाही. गेलेला पैसा विसरायचा नसतोच. तो मोजायचा, फक्त ‘माझा’ हा शब्द गाळून. षष्ठी विभक्ती इतकी महाग पडते, हे मला व्याकरण शिकवूनही कळले नव्हते!

मग लालबागची आमची चाळ आठवली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडील. मी चार वर्षांचा. आई सांगते, त्या गणपतीच्या जागरणाला गॅलरीत पत्ते पडत आणि बोलणे एकच: “सात महिने काढले, आता मागे कशाला फिरायचे?”

पुस्तकाच्या हिशेबाने हे सरळ चूक. पण पत्त्यांत टाकलेल्या पैशाने निदान मधला ढीग वाढतो. इथे पगार गेले, आईच्या पाटल्या गेल्या, आणि मध्ये काहीच साठत नव्हते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या.

परवा वडिलांना हा हिशेब ऐकवला. ते मेंढीकोटासाठी पत्ते पिसत होते. म्हणाले, “तुझ्या पुस्तकात जो तो आपल्यापुरता खेळतो. आमच्यात भिडू होते रे. भिडूला टाकून एकटा कसा उठणार?”

आणि मला त्यांनी समोरच्या जागेवर बसायची खूण केली.