साखळी नसलेला गेंडा

‘गेंड्याच्या कातडीचा माणूस’ ही आपल्याकडे शिवी आहे. निवडणुकीच्या दिवसांत मारेगावच्या चौकात ती हमखास कानी पडते. शिवी देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी गेंडा पाहिलेला नसतो, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्या चित्राने साऱ्या युरोपला गेंडा दाखविला, त्याच्या चित्रकारानेही तो पाहिलेला नव्हता, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली.

हा चित्रकार म्हणजे जर्मनीतील न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर. लाकडी ठशावरून छापलेले त्याचे हे चित्र १५१५ सालचे. चित्रातला प्राणी मात्र आपल्या बाजूचा! गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क याला नजर केला. आल्बुकर्कने तो आपला राजा मानुएल याच्याकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेले जहाज २० मे रोजी लिस्बनला लागले. तेथून एक वर्णन व एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचले आणि त्यावरून ड्यूररने आपला गेंडा घडविला. घडविला असेच म्हणायचे. कारण अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले आणि खांद्यावर एक जादा चिमुकले शिंग, हे सारे त्याच्या पदरचे. पोर्तुगीज या प्राण्याला ‘गंडा’ म्हणत. या चित्रानेही युरोपला थेट अठराव्या शतकापर्यंत गंडाच घातला म्हणा ना!

पण त्या चिलखतात अर्थ भरलेला आहे. गेंडा हा हत्तीचा हाडवैरी, असे रोमन ग्रंथकार प्लिनीने लिहून ठेवले होते. ड्यूररच्या चित्रावरच्या मजकुरातही तेच आहे. लिस्बनमध्ये ३ जून रोजी राजाने दोघांना समोरासमोर आणले, तेव्हा हत्ती पळून गेला. मग तर शंकाच उरली नाही. पुढे फ्लॉरेन्सच्या आलेस्सांद्रो दे मेदिचीने गेंड्याला आपले बोधचिन्ह केले. जिंकल्यावाचून परतायचे नाही, असे त्याचे ब्रीद. जी कातडी आपल्याकडे निर्लज्जपणाची खूण, तीच तिकडे शौर्याची झाली.

जुन्या युरोपीय चित्रांत कवटी म्हणजे मृत्यू, कुत्रा म्हणजे निष्ठा, वाळूचे घड्याळ म्हणजे सरणारे आयुष्य, असे अर्थ पुस्तकांतून वाचावयास मिळतात. चित्रात काय आहे ते शोधण्याची ही रीत. चित्रात काय नाही, ते मात्र माझ्या वडिलांनी दाखविले.

त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही या गेंड्याचे चित्र कोरले होते. दोन्ही चित्रे मी झेरॉक्सच्या दुकानातून काढून घरी नेली. बाबांचे सारे आयुष्य कपाशीत आणि बैलांत गेलेले. त्यांनी ड्यूररचे चित्र उलटसुलट करून पाहिले व विचारले, “याले बांधलं कायनं?” मग दुसरे हाती घेतले. त्यात गेंड्याच्या पायांत बेडी आणि साखळी आहे. म्हणाले, “हे कोनाचं तरी हाये. थे कोनाचंच नाही.”

अर्थाची इतकी पुस्तके चाळली. साखळीकडे माझे लक्ष वेधले ते या दोन वाक्यांनी. राजांनी एकमेकांना धाडलेली ही नजर. ड्यूररने तिच्या अंगावर चिलखत चढविले आणि तिचे दावे काढून टाकले. योद्ध्याला दावे शोभत नाही! (आपल्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलालासुद्धा वेसण असते.)

१५१५ च्या अखेरीस मानुएलने तोच गेंडा पोप दहावा लिओ याच्याकडे पाठविला. पोळ्याचा बैल सजवावा तशी त्याच्या गळ्यात फुलांची सजावट असलेली हिरवी मखमली पट्टी बांधली होती. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडाले. गेंडा चांगला पोहणारा प्राणी. पण याला डेकवर साखळीने जखडलेले होते.

ड्यूररच्या गेंड्याच्या हजारो प्रती छापल्या गेल्या, जुने ठसे झिजेपर्यंत. बुर्कमायरच्या चित्राची एकच प्रत आज उरली आहे. ती व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे.