फरशीखालची कुंडी

आधी नुसती गुडगुड होती. वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की शेजारच्या संडासात बुडबुडे यायचे. मग दुपारच्या वेळी मोरीतून कुजक्या अंड्यासारखा भपकारा यायला लागला. मी मोरीत डांबराच्या गोळ्या टाकल्या, दोनदा पाइप मोकळी करणारी पावडर ओतली. वेगवेगळे रोग समजून वेगवेगळी औषधं करत बसले.

एका सकाळी वर कुणी आंघोळ केली आणि ते साबणाचं पाणी खाली अंगणाकडच्या मोरीतून वर आलं. तेव्हा शनवारा भागातून एका वयस्कर प्लंबरला बोलावलं. हत्यारांची पिशवी न उघडताच चाचांनी विचारलं, “बाई, सबसे पहले कौनसी मोरी भरी?”

“अंगणाकडची. सगळ्यात खालची.”

त्यांनी मान डोलावली. एकटी मोरी तुंबली तर दोष तिच्या फांदीत. दोन-तीन एकदम कुरकुरायला लागल्या तर दोष खोडात, म्हणजे मुख्य लाइनमध्ये. भपकाऱ्याचं कारणही तेच निघालं. मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी कायम थांबलेलं असतं, ते गटारातला वायू अडवतं. लाइन अडली की आतल्या हवेला वाट राहत नाही. ती कधी बुडबुडे काढते, कधी ते पाणीच ओढून नेते.

“चेंबर किधर है?”

इथं मी गप्प झाले. फाटकापाशी एक चेंबर होतं, ते कोरडं ठणठणीत. दुसरं अंगणात होतं, पण फरशी बसवताना दिसायला बरं नाही म्हणून मीच ते झाकायला लावलं होतं. ती नवी फरशी फोडावी लागली. झाकण उचलल्यावर चाचा मागे सरले, वाकून बघणाऱ्या माझ्या मुलालाही त्यांनी हाताला धरून लांब केलं. गटारातला हा वायू माणसाला क्षणात पाडू शकतो. सुरक्षासाधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी लोक उतरवतातच.

चेंबर काठोकाठ भरलेलं. वरचं भरलेलं, खालचं कोरडं, म्हणजे चोर दोघांच्या मधे. खणल्यावर जुन्या चिनीमातीच्या पाइपच्या सांध्यातून कडुनिंबाची मुळं आत शिरलेली दिसली, केसांच्या बुचड्यासारखी. शिवाय पाइप मधेच खचली होती. चार इंची पाइपला चाळीस फुटांत साधारण फूटभर उतार लागतो. आमच्याकडे त्या जागी पाणी निवांत बसत होतं.

नवी पाइप टाकताना चाचा हसून म्हणाले, “खानखाना ने तो कुंडियों पर फर्शी नहीं बिछाई थी.”

आमच्या बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा मी शेकडो पाहुण्यांना दाखवलाय. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दुर रहीम खानखानाच्या काळात सातपुड्यातलं झिरपतं पाणी भुयारातून नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. त्या भुयारावर शंभराच्या घरात कुंड्या, हवेसाठी आणि उतरून साफसफाई करण्यासाठी. ते प्यायचं पाणी, आमचं सांडपाणी. पण उतार, हवा आणि आत डोकावायला भोक ही गरज दोन्हीकडे सारखीच. पाहुण्यांना ही गोष्ट मी तोंडपाठ सांगते.

आता अंगणात लोखंडी झाकण उघडं दिसतं. परवा सासूबाईंनी त्यावर गोकर्णाची कुंडी ठेवलेली. मी ती उचलून भिंतीकडे सरकवली.