दातातलं गाव

नांदेड-लातूरच्या दैनिकांत आतल्या पानावर, निविदा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत, एक लहानशी चौकट असते. अनोळखी इसमाचे प्रेत. पुरुष जातीचे, वय अंदाजे 40 ते 45, बांधा सडपातळ, रंग सावळा, अंगात निळा फुल शर्ट, उजव्या हातावर गोंदलेले. ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. सोबतचा फोटो पाहवत नाही, तरी मी पाहतो. कुणाचा तरी तो मामा असेल, कुणाचा दाजी. गोदावरीच्या काठाला, रेल्वे रुळाशेजारी, उसाच्या फडात, पाणी आटलेल्या विहिरीत माणसं अशी सापडत राहतात.

पोलीस पाटील खबर देतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते; पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 194 खाली होते. दोन पंच बोलावतात, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, पीएम म्हणजे शवविच्छेदन होतं, व्हिसेरा राखून ठेवतात आणि सीए म्हणजे रासायनिक तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहतात. चेहरा, शर्ट, गोंदण आहे तोवर या कागदांना काही धरायला असतं. पण जेव्हा नुसती हाडं सापडतात तेव्हा ती चौकट फारच आखूड होते. मानवी सांगाडा, एवढंच.

गूढ मृत्यूंच्या कथा मी आयुष्यभर वाचत आलो. एसटी स्टँडच्या बुकस्टॉलवर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड भेटले, पुढे गुरुनाथ नाईक भेटले. त्या पानांत प्रेत ताजं असायचं, खुनी चलाख असायचा, आणि नायक त्याहून चलाख. हाडांशी बोलणारी नायिका फार उशिरा भेटली. कॅथी राइक्स ही स्वतः न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेत सांगाडे तपासणाऱ्या या बाईने 1997 साली पहिली कादंबरी लिहिली, तिची टेम्परन्स ब्रेनन पुढे 'बोन्स' या मालिकेतून जगभर पोचली. त्या गोष्टींतला खुनी मला आता आठवत नाही. आठवते ती टेबलावर मांडलेली हाडं आणि त्यांच्यावर वाकलेली बाई. कंबरेच्या हाडाच्या खाचेवरून ती स्त्री की पुरुष ते सांगते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढते. गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक पंचविशीच्या आसपास जुळतं, त्यावरून वय. आपल्याकडे तर घोट्याशी नडगीच्या खालच्या कडेला, उकिडवं बसून बसून पडलेली बारीक गुळगुळीत खूण सापडते. धुणं धुणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या, फडात बसणाऱ्या माणसाची ती सही आहे.

मला मात्र सगळ्यात जास्त ओढ दाताची.

दाताचं चकचकीत कवच एकदा तयार झालं की बदलत नाही. हाड आयुष्यभर झिजतं, नवं होतं. कवच तसं होत नाही. लहानपणी जे खाल्लं, जे प्यालं, ते त्यात कोंडलं जातं. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. खडकातून ते मातीत येतं, मातीतून पाण्यात, ज्वारीच्या कणसात, आणि तिथून भाकरी खाणाऱ्या लेकराच्या दातात. त्याच्या जड आणि हलक्या अणूंचं, म्हणजे समस्थानिकांचं, प्रमाण प्रत्येक खडकाचं वेगळं. आता आपला मुलूख पाहा. लातूर, औसा, निलंगा, सगळा काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पण नांदेडहून आग्नेयेला देगलूर, बिलोलीकडे निघालं की हळूहळू काळी माती मागे पडते, लालसर मुरूम लागतो, आणि शेतात गुलाबी-करडे गोल धोंडे एकमेकांवर रेलून बसलेले दिसतात. हा ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. औशाच्या विहिरीचं पाणी आणि देगलूरच्या विहिरीचं पाणी जिभेला सारखंच लागेल, दाताला नाही लागत. किनवटच्या काही भागांत तर प्रयोगशाळेचीही गरज पडत नाही. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, म्हाताऱ्यांचे मणके जखडतात, हाडांना काटे फुटतात. तिथल्या माणसाचा सांगाडा कुठंही सापडो, त्याने प्यालेलं पाणी त्याच्यासोबत असतं.

एकेका दाताचा एकेक काळ. दुधाच्या दातांची सुरुवात आईच्या पोटात होते, म्हणजे त्यात आईने प्यालेलं पाणीही आलं. पहिली कायमची दाढ जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत घडते, अक्कलदाढ शाळेच्या वयात. मोठं आजारपण, मोठी उपासमार आली की कवच घडायचं थबकतं आणि आडवी रेघ उरते. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आईच्या पाठीशी बांधलेली जी पोरं होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली. त्यांच्यातल्या कितीकांच्या दातावर ती रेघ असेल. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला 10 टाक्या आणि 5 लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात लातूरच्या लेकरांनी परक्या खोऱ्याचं पाणी पिऊन दात घडवले. काही महिन्यांचीच गोष्ट, शिवाय तिकडचा खडकही काळाच, त्यामुळे ती खूण वाचता येण्याजोगी नसेल. तरी ते पाणी लेकरांच्या अंगात गेलंच.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपाने लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर हादरला. आठ-दहा हजार माणसं गेली. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मणामणाची माती घातलेली माळवदं, यांनी माणसं मारली. नंतर पाऊस लागला. लाकूड पुरेना. एका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला, आणि कुणाचं कोण हे पाहायला अनेक घरांत कुणी उरलं नव्हतं. त्या वेळी ओळख पटवणं शक्यच नव्हतं, आणि ज्यांनी त्या पावसात चिता रचल्या त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. पण एक गोष्ट मला छळते. आमच्याकडे पडलेला दुधाचा दात माळवदावर फेकायची रीत. उंदीरमामाला हाक मारून, नवा दात दे म्हणून. किती पिढ्यांच्या पोरांचे दात त्या माळवदांच्या मातीत असतील. आणि त्या रात्री ती सगळी माती खाली आली.

जाळल्यावर सगळं संपतं असं आपण धरून चालतो. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलेल्या माणसाला मात्र ठाऊक असतं की हाडं उरतात. दूध-पाणी शिंपडून निखारे विझवतात, पायाकडून डोक्याकडे सरकत वेचतात, आणि घरातला एखादा जाणता हलक्या आवाजात सांगतो, हा गुडघा, हा मणका, हे कपाळाचं. पांढरी, हलकी, खापरीसारखी वाजणारी हाडं. मांसासकट जळलेल्या हाडावर आडव्या वळणदार भेगा पडतात, आधीच वाळलेलं हाड जळलं तर उभ्या सरळ. कुणी गुन्हा लपवायला सांगाडा जाळला असेल तर त्या भेगा ते सांगू शकतात. डीएनए त्या आगीत बहुधा जातो. स्ट्रॉन्शियम जात नाही. इंग्लंडातल्या स्टोनहेंजला पुरलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या जळक्या हाडांवर असं काम झालं, 2018 साली ते प्रसिद्ध झालं. तपासलेल्या 25 जणांपैकी किमान 10 जण त्या भागातले नव्हतेच. आपल्या दहन करणाऱ्या देशात ही केवढी मोठी गोष्ट आहे.

अमृतसरजवळच्या अजनाळ्याची विहीर 2014 साली उपसली. आत माणसांची हाडं आणि हजारो दात. 1857 मध्ये मारून टाकलेल्या 282 शिपायांची ही विहीर, अशी नोंद होती. काहींचं म्हणणं हे फाळणीतले बळी. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेसह इतर संस्थांनी 50 नमुन्यांचा डीएनए आणि 85 नमुन्यांतले समस्थानिक तपासले. ही माणसं पंजाबची नव्हती, गंगेच्या खोऱ्यातली होती. पण लोकांनी श्रद्धेपोटी, घाईने, कुदळ-फावड्याने ती हाडं काढली होती, त्यात सांगाडे एकमेकांत मिसळले. कुठली कवटी कुठल्या हाताची, हे कायमचं गेलं.

विहिरी आपल्याकडेही आहेत. 1947-48 मध्ये निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी मारलेली माणसं, आणि हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय सैन्याच्या पोलीस ॲक्शननंतर सूड म्हणून मारलेले मुसलमान. या सूडाची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत नांदेड आहे, आणि तेव्हा लातूर ज्यात होतं तो उस्मानाबाद आहे. समितीचा पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला 2013 उजाडलं. आता जुनी विहीर उपसायला पोकलेन लागतं, गाळाच्या बकेटीत कधी हाड येतं, चालक हात जोडतो, आणि माणसं ते भाविकपणे गोदावरीत सोडून येतात. त्यांच्या भावाला मी नावं ठेवणार नाही. पण हाड जिथं दिसलं तिथंच राहू द्यावं, मशीन थांबवावं, तलाठ्याला, पोलीस पाटलाला बोलवावं, जमिनीतल्या स्थितीत फोटो घ्यावा, मग हात लावावा. उचललं की अर्धी साक्ष गेली.

दाताला विचारायचं तर उत्तर ताडून पाहायला मुलखाचा नकाशा लागतो. कुठल्या गावचा दात काय आकडा देतो, हे आधी माहीत हवं. आणि घाई करायला हवी, कारण आता जारचं पाणी आलं, रेशनचा गहू परराज्यातून येतो, नव्या पोरांच्या दातांत चार मुलखांची भेसळ होतेय. ज्यांनी आपल्याच विहिरीचं पाणी प्यायलं आणि आपल्याच शिवारातली ज्वारी खाल्ली, ती पिढी साठी-सत्तरीत आहे, आणि तिचे दात सध्या पडताहेत. नांदेड-लातूरच्या दवाखान्यांतून रोज दाढा काढल्या जातात आणि पिवळ्या पिशवीत जातात. काढणाऱ्या डॉक्टरांनी म्हाताऱ्यांची परवानगी घेऊन एवढंच विचारावं, बाबा, लहानपणी कुठल्या गावात होता, पाणी कुठलं प्यायचा? उत्तर डबीवर लिहावं. औसा, आड. देगलूर, मळ्यातली. किनवट, हातपंप. विद्यापीठाने त्या डब्या गोळा कराव्यात. दोन-चार वर्षांत तालुक्यागणिक शे-दोनशे दात जमतील, आणि पुढच्या वेळी उसाच्या फडात नुसता जबडा सापडला तर तपास करणाऱ्या फौजदाराला निदान कुठल्या बाजूच्या गावांत विचारायला जायचं, एवढं तरी कळेल.