दोन युद्धांमधली नोकरी

कुरवंड्याच्या नागफणीला इंग्रजांनी 'ड्यूक्स नोज' म्हटलं. का, तर सुळका ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकासारखा दिसतो म्हणे! वॉटर्लू जिंकली म्हणून त्या सेनापतीचं नाक थेट आपल्या मावळात येऊन बसलं. याच कुरवंडे घाटाने उतरलेल्या कारतलबखानाला शिवाजीमहाराजांनी १६६१ मध्ये खाली उंबरखिंडीत गाठलं, तेही आपण विसरलेलो नाही. लढाई झाली की नाव राहतं. पण लढाईच नसेल तेव्हा सेनापती काय करतो हो?

आपल्या कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात घ्या. १९२६ मध्ये सँडहर्स्टहून कमिशन घेऊन बाहेर पडले. तिथे हिंदी मुलांना १९१८ पासून वर्षाला जेमतेम १० जागा. आणि हिंदी अधिकाऱ्यांसाठी १९२३ मध्ये फक्त ८ पलटणी ठरवून दिलेल्या. वरवर सोय, पण आतली गोष्ट अशी, की गोऱ्या अधिकाऱ्यावर काळ्या माणसाचा हुकूम ऐकायची वेळ येऊ नये. थोरात त्यातल्याच एकीत गेले, १४व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये.

बढतीचा हिशोब तर विचारूच नका. कॅप्टन व्हायला साधारण ९ वर्षं, मेजर व्हायला १८! आमच्या आयटीत दोन वर्षं बढती चुकली की लोक रेझ्युमे अपडेट करायला घेतात. इथे दुसरी कंपनीच नाही. कवायत करा, जवान घडवा आणि वाट बघा.

मग महायुद्ध आलं. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडच्या तिन्ही बटालियन हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती होत्या: थोरात, थिमय्या आणि सेन. तिघांनाही डीएसओ मिळालं. 'हिंदी माणसाला पलटण सांभाळता येईल का?' या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. पण त्याची तयारी त्या रखडलेल्या वर्षांत झाली होती, हे कोण लक्षात घेतो?

पुढची गोष्ट जास्त लागते. पूर्व विभागाचे प्रमुख असताना थोरातांनी १९५९ मध्ये चीनविरुद्ध नेफाच्या बचावाचा आराखडा दिला. तो बाजूला पडला. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९६२ मध्ये काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

असो. लढाई नसतानाच्या कामाला अप्रेझलमध्ये रकाना नसतो. सैन्यातही नाही, आमच्याकडेही नाही.