प्रणाली बसेना

चवदार तळ्यापासून हांकेच्या अंतरावर आमचें घर. त्याच्या वरच्या मजल्यावर एक जुना संगणक आहे. त्यावरील विंडोज १० या प्रणालीची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. पुढील आवृत्तीस टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते, ती या यंत्रांत नाहीं. यंत्र मात्र चालतें आहे, आणि चालतें यंत्र भंगारांत घालणें आमच्या घरच्या वळणांत बसत नाहीं. तेव्हां पुतण्याच्या सल्ल्यानें लिनक्स बसवावयाचें ठरलें. १९९१ सालीं फिनलंडांतील एका विद्यार्थ्यानें आरंभिलेली ही प्रणाली आज कोणासही फुकट मिळते.

पुतण्यानें ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि त्यावरूनच संगणक सुरू केला. पडद्यावर प्रश्न आला : संपूर्ण डिस्क पुसून बसवूं, कीं जुनीच्या शेजारीं बसवूं? त्याचें बोट पहिल्या पर्यायाकडे वळलेलें पाहून आम्ही जवळजवळ ओरडलोंच.

त्यास कारण होतें. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचें पाणी महाडांत शिरलें, हें वाचकांस आठवत असेल. आमचा तळमजला त्यांत बुडाला आणि आजोबांची पेटीही बुडाली. पाणी ओसरल्यावर तिच्यांतून जें निघालें त्यास वही म्हणणें कठीण होतें. सुदैवानें आदल्याच वर्षीं, टाळेबंदीच्या रिकाम्या दिवसांत, पुतण्यानें त्या वहीच्या ६४ पानांचीं छायाचित्रें घेतलीं होतीं. तीं या एकाच डिस्कवर होतीं.

मग छायाचित्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि शेजारीं बसविण्याचा पर्याय निवडला. निम्में काम झाल्यावर पडदा गोठला. दुसऱ्या वेळीं आरंभींच गोठला, तिसऱ्या वेळीं अगदीं शेवटास येऊन. पुतण्यानें उतरवलेल्या फाइलचा चेकसम ताडून पाहिला. तो बरोबर होता. पेनड्राइव्हही बदलला. पालथ्या घड्यावर पाणी! तिसऱ्या दिवशीं तो कंटाळून म्हणाला, "काका, जुन्या विभागांचाच घोळ असावा. सगळेंच पुसून डिस्क कोरी करूं. प्रत आहे ना आपल्याकडे?"

आम्ही होकार देणार, तोंच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, बरणी भरली म्हणजे लोणचें टिकलें असें होत नाहीं. आधीं उघडून तरी पाहा."

उघडून पाहिलें. ६४ पैकीं ९ पानें अर्धीं करडीं पडलीं होतीं, अक्षर दिसेना. मूळ डिस्कवर तींच पानें शाबूत होतीं.

तेव्हां कोठें आम्हांस बिघाडाच्या तऱ्हेकडे पाहण्याची बुद्धि झाली. फाइल किंवा पेनड्राइव्ह सदोष असता तर काम बहुधा एकाच ठिकाणीं अडलें असतें. येथें तें दर वेळीं निराळ्या ठिकाणीं अडत होतें, आणि प्रत काढतांनाही पानें बिघडत होतीं. एका डिस्कवरून दुसरीवर जाणारा मजकूर वाटेंत रॅममधून जातो. तेव्हां चोर तेथेंच असावा. मेमटेस्ट८६+ ही चाचणी कोणत्याही प्रणालीवांचून पेनड्राइव्हवरून चालते. ती रात्रभर चालूं ठेवली. सकाळीं पडदा लाल ओळींनीं भरलेला! मग वीज तोडून रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, कोंकणच्या दमट हवेंत काळवंडलेलीं त्यांचीं टोकें शाळेच्या खोडरबरानें घांसलीं आणि एकेक पट्टी लावून चाचणी घेतली. एक निर्दोष ठरली. दुसरी मात्र सुधारली नाहीं. तिला निरोप दिला.

आतां प्रत नव्यानें काढली. प्रत्येक पानाचा चेकसम मुळाशीं जुळला, तरी वहिनींच्या लोणच्याची आठवण ठेवून पानें एकेक उघडूनही पाहिलीं. तें चाललें असतां दादांनीं एक पान मोठें करून वाचलें.

महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं तळें सर्वांस खुलें करण्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनें पाणी प्याले. गांवांत अफवा उठली, परिषदेस आलेल्या मंडळींवर हल्ले झाले, आणि मागाहून मंत्रघोषांत शेण, गोमूत्र, दूध, दहीं यांच्या १०८ घागरींनीं तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागला. हें सर्व छापील इतिहासांत आहे. आजोबांच्या पानांत एवढेंच अधिक आहे कीं, त्या घागरींपैकीं एक त्यांनीं उचलली होती. पुढें 'रात्रीं जेवण गेलें नाहीं' असें एक वाक्य आहे. तें पश्चात्तापाचें कीं पित्ताचें, हें आम्हांस ठरवितां आलें नाहीं.

दादा म्हणाले, "हें पान त्या नऊंत असतें तर बरें झालें असतें."

"काढून टाकूं का?" पुतण्यानें विचारलें. त्याचा हात पुन्हां कळेवर गेला होता.

"आणि उरलेल्या त्रेसष्टांना आजोबांची वही म्हणायचें का?" वहिनी म्हणाल्या. दादा कांहीं न बोलतां खालीं गेले.

त्या रात्रीं प्रणाली एकदाही न अडखळतां बसली. अर्ध्या रॅमवर यंत्र थोडें सावकाश चालतें, पण चालतें. ६४ पानें आतां तीन ठिकाणीं आहेत. दुसरे दिवशीं सकाळीं दादा वर आले आणि तेवढें एक पान कागदावर मोठें करून छापून द्या म्हणाले. कशासाठीं, तें आम्हीं विचारलें नाहीं.