पायऱ्या न चढता पाहिलेला अजिंठा

जानेवारी २०१४ मध्ये आमच्या नाशिकरोडच्या वसाहतीतील महिला मंडळाने औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) सहल काढली होती. नामविस्ताराला वीस वर्षे पूर्ण होत होती. १४ तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर अभिवादन, रात्री ओळखीच्या एका विहारात मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी अजिंठा, असा बेत ठरला. आम्ही बी.कॉम. झालेले, शिवाय कचेरीत कारकून, त्यामुळे हिशेबाची वही नेहमीप्रमाणे आमच्याच गळ्यात पडली. माणशी वर्गणी, बसचे भाडे, चहापाणी, लेण्यांचे तिकीट असे रकाने आखले. शेवटी ‘डोली’ असा एक रकाना आम्ही मुद्दाम ठेवला. तो रकाना कोराच राहिला. वाचकहो, त्या कोऱ्या रकान्याची ही हकीकत आहे.

आमच्या आईने तेव्हा साठी ओलांडली होती. तिचे माहेर सिल्लोड तालुक्यात. सिल्लोडवरून अजिंठ्याचा रस्ता सरळ जातो, आणि तरी तिने लेणी कधी पाहिली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात ती त्याच भागात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. तेव्हा तिचे वय वीसच्या आत-बाहेर. मोटारीतून गोरे लोक लेणी पाहायला जात आणि त्यांच्या गाडीची धूळ खडीवर बसे, एवढीच तिची अजिंठ्याची ओळख. पुढे लग्न होऊन ती नाशिकला आली, मोलमजुरी केली, आम्हा भावंडांना शिकवले, आणि अजिंठा राहून गेला. बस सिल्लोड सोडून पुढे निघाली तेव्हा ती खिडकीशी बसून म्हणाली, “या रस्त्याखाली माझी खडी हाय.” बसमधल्या बायका हसल्या. आई हसली नाही.

फर्दापूरचा फाटा

अजिंठा गाव मागे टाकून घाट उतरला की फर्दापूरजवळ फाटा लागतो. लेणी तेथून चार किलोमीटर आत आहेत. धुराने चित्रे खराब होऊ नयेत म्हणून बाहेरच्या गाड्या फाट्यावरच थांबवतात आणि पुढे एस. टी.च्या बसने जावे लागते. बस उतरवते तेथून पायऱ्यांची चढण सुरू होते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कड्यात एकामागून एक तीस लेणी कोरलेली आहेत. सगळी पाहायची म्हटली तर धडधाकट माणसाचेही पाय बोलू लागतात. आईचे दोन्ही गुडघे तर केव्हाच गेले होते.

म्हणूनच आम्ही डोलीचा रकाना ठेवला होता. खुर्चीला दांडे बांधलेले असतात आणि चार जण ती खांद्यावर घेऊन वर नेतात. भाव विचारून आम्ही आईजवळ गेलो. तिने डोली वाहणाऱ्यांकडे पाहिले. त्यात एक जण तिच्याच वयाचा असावा. ती म्हणाली, “माणसाच्या खांद्यावर बसून मी बुद्धाकडे जायची का? लेकरा, तू जा. मी हितंच बसते.”

आम्ही समजावून पाहिले. त्यांनाही रोजगार मिळतो, हेही सांगितले. ती म्हणाली, “मग पैसे दे. पण मी बसणार नाही.” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आमच्या सौभाग्यवती इतरांना घेऊन वर गेल्या. आम्ही, आई आणि आमची सहा वर्षांची मुलगी पुन्हा बसमध्ये बसून फाट्यावर परत आलो. मनातून आम्ही खट्टू झालो होतो. इतक्या लांब येऊन आईचा अजिंठा पुन्हा राहणार, असेच वाटत होते.

सिमेंटची लेणी

फाट्याजवळ पर्यटक केंद्राची मोठी इमारत आहे. जपानच्या कर्जाच्या मदतीने अजिंठा-वेरूळ विकासाचा प्रकल्प झाला, त्यात ही इमारत उभी राहिली आणि २०१३ साली ती लोकांसाठी खुली झाली. आत लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. खांब, छत, भिंतीवरची चित्रे, सगळे मुळाबरहुकूम उभे करण्याचा प्रयत्न होता. खरे सांगायचे तर आमची नाखुशी होती. जत्रेत पडद्यावरच्या ताजमहालापुढे उभे राहून फोटो काढतात, तसा काहीसा प्रकार असणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

आत गेल्याबरोबर आईने पहिले काम काय केले असेल, तर खांबावर बोटाच्या पेराने टकटक केली. मग तळवा फिरवला आणि म्हणाली, “दगड न्हाई हा.” एक कर्मचारी जवळच उभा होता. तो हसून म्हणाला, “आजी, सिमेंट आहे.” आई म्हणाली, “ते कळलं रे. दगडाला छिन्नीची धार लागलेली असती, ती हाताला कळती.” खडी फोडणाऱ्या हाताची परीक्षा ती.

पण सपाट जमीन होती, भरपूर उजेड होता, आणि घाई करणारे मागे कोणी नव्हते. मूळ लेण्यात अंधूक प्रकाश ठेवतात, कारण उजेडाने रंग उडतात. तेथे गर्दीही पुढे सरकवत असते. येथे आई एकेका चित्रापुढे हवी तितकी थांबली. पहिल्या लेण्यात गर्भगृहाच्या दाराच्या डाव्या अंगाला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. हातात निळे कमळ, मस्तकी मुकुट आणि खाली वळलेली नजर. आई म्हणाली, “एवढा दागिना घालून बी डोळ्यात कसलं दुःख हाय त्याच्या?” दुसऱ्याचे दुःख पाहून जो स्वतःच्या सुखाकडे पाठ फिरवतो तो बोधिसत्त्व, असे आम्ही सांगितले. ती मान हलवत राहिली.

सोळाव्या लेण्यातल्या नंदाच्या कथेपाशी आमची मुलगी थबकली. पतीने चीवर घेतल्याचे कळताच मूर्च्छित झालेली ती राणी आणि तिला सावरणाऱ्या दासी. जगभर ‘मरणोन्मुख राजकन्या’ म्हणून हे चित्र प्रसिद्ध आहे. मुलीने विचारले, “तिला कोणी विचारलंच नव्हतं का?” आम्ही उत्तर शोधत होतो तोवर आई म्हणाली, “न्हाई विचारलं पोरी. बायांना कोण विचारतं? म्हणून तर तिचं बी चित्र काढलंय.” हा अर्थ आम्हाला सुचला नसता.

सतराव्या लेण्यात तथागत कपिलवस्तूला परत आले तो प्रसंग आहे. बुद्ध भिक्षापात्र घेऊन भव्य आकारात उभे, आणि समोर लहानखुरी यशोधरा राहुलला पुढे करते आहे. आई येथे खाली बसली, डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडून तिने त्रिशरण-पंचशील म्हटले. मुलीनेही तिच्याबरोबर म्हटले. पिशवीतून आणलेली मेणबत्ती तिने काढली, तेव्हा मात्र कर्मचाऱ्याने नम्रपणे नको म्हटले. मग तो सहज बोलून गेला, “आजी, हे खरं लेणं नाही, नक्कल आहे.” आईने विचारले, “तुझ्या घरी बाबासाहेबांचा फोटो हाय का?” तो म्हणाला, आहे. “मग तो काय खरा हाय? कागदच की. तरी जयभीम करतोसच ना?”

तो गृहस्थ काही बोलला नाही. मेणबत्ती आईने परत पिशवीत ठेवली आणि घरी गेल्यावर विहारात लावली.

नकलांचे नशीब

त्या दिवसापासून अजिंठ्याच्या नकलांविषयी आम्ही मिळेल ते वाचू लागलो. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, हे बहुतेकांना ठाऊक असते. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने कोरलेले नाव आजही आहे. पण पुढची कथा फारशी कोणी सांगत नाही. १८४४ साली रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला चित्रांच्या नकला काढायला पाठवले. त्याने वर्षानुवर्षे तेथे राहून मोठमोठी चित्रे केली आणि ती लंडनला गेली. १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तीत बहुतेक जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले. त्यांतल्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनच्याच आगीत गेल्या. विसाव्या शतकात जपानचे चित्रकार अराई काम्पो यांनी केलेल्या प्रती टोकियोच्या १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या.

तीन वेळा नकला जळाल्या. मूळ चित्रे मात्र माती, भाताचे तूस आणि तंतू यांच्या गिलाव्यावर, झिजलेली आणि पोपडे निघालेली का होईना, पंधराशे वर्षे टिकून आहेत. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतली काही चित्रे तर त्याहून कितीतरी जुनी.

२०२२ ची फेरी

२०१९ च्या थंडीत आई गेली. तिने आयुष्यात अजिंठा पाहिला तो एवढाच.

२०२२ मध्ये मुलीला सुट्टी होती. ती म्हणाली, आजी बसली होती तिथे जाऊ. आम्ही गेलो. केंद्र बंद होते. वीज आणि पाण्याची बिले थकल्याने ते बंद असल्याचे त्या वर्षी वृत्तपत्रांतही छापून आले होते. आमच्यासारखेच एक कुटुंब फाटकापाशी उभे होते, त्यांच्याबरोबर काठी घेतलेले एक म्हातारे गृहस्थ होते. ते फाटकाकडे बघून परत वळले. आमची मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली.

आम्ही दोघे वर गेलो. सतराव्या लेण्यात पोहोचेपर्यंत आम्हालाही दम लागला. अंधूक उजेडात डोळे बसायला वेळ लागला, आणि मग यशोधरा आणि राहुल दिसले. मुलीने भिंतीला हात लावला नाही, पण बाहेर येऊन कड्याच्या मोकळ्या दगडावर बोटे फिरवली. “बाबा, छिन्नीची धार लागते,” ती म्हणाली.

आम्ही पेशाने हिशेबनीस. परतीच्या बसमध्ये डोक्यात एकच विचार होता. इमारत बांधायला पैसा एकदा लागतो, ती चालवायला दरमहा लागतो. पहिल्या पैशासाठी कर्ज मिळते, कोनशिला बसते, उद्घाटन होते. दुसऱ्या पैशाला हार घालायला कोणी येत नाही. वास्तूला कुलूप लागते ते त्या दुसऱ्या पैशावाचून.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. आमच्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. तो क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने भिक्षुसंघाला लेणे दिले आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. तीन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, हजारावर शेकडा पाऊण. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वाचकांनी हिशेब करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा दिले की बरोबर दोनशे चाळीस. एक पैसा उरत नाही, एक कमी पडत नाही. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आहे, आणि तो सर्वांना वाचता यावा म्हणून दगडात कोरला आहे.

आपल्या घरचा हिशेब

दुसऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. त्याच वर्षी आमच्या वसाहतीतल्या विहाराचे मीटर कापले गेले होते. पाच महिने बिल भरले नव्हते, आणि समितीत आम्हीही होतो. जयंतीच्या रोषणाईला वर्गणी भरभरून जमली, पण विहारातल्या एका दिव्याचे बिल कोणी भरायचे, हे कोणी ठरवलेच नव्हते. संध्याकाळी मुले अभ्यासाला येत, ती येईनाशी झाली.

अजिंठ्याहून आल्यावर आम्ही बैठकीत उषवदाताचा हिशेब सांगितला. साठ घरांनी दरमहा वीस रुपये द्यायचे ठरले. जयंतीच्या वर्गणीतून पहिल्यांदा एक रक्कम बाजूला काढून बँकेत मुदत ठेव केली, आणि तिला हात लावायचा नाही असा ठराव झाला. जमाखर्चाचा कागद दर पौर्णिमेला विहाराच्या भिंतीवर लागतो. तो आमची मुलगी लिहिते. मीटर पुन्हा बसले, मुलेही परत आली.

अजिंठ्याला जाणाऱ्या बंधुभगिनींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सोमवारी लेणी बंद असतात, तेव्हा वार पाहून निघावे. बरोबर वृद्ध माणूस असेल तर फाट्यावरचे केंद्र उघडे आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. उघडे असेल तर घाई न करता त्यांना आत न्यावे, आणि ते ज्या चित्रापुढे बसतील तेथे आपणही बसावे.

सहलीची ती वही आमच्याकडे अजून आहे. ‘डोली’च्या रकान्यात आम्ही मागाहून एक नोंद केली. डोलीवाल्यांना आईच्या सांगण्यावरून पैसे दिले होते, ते लिहायचे राहून गेले होते. रक्कम लिहिली आणि पुढे शेरा मारला: ‘कोणी बसले नाही.’