दुधनीचे स्टेशन आणि सोलापूरचा भोंगा

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अक्कलकोट रोडच्या पुढे दुधनी हे लहानसे स्टेशन लागते. गाणगापूरच्या यात्रेकरूंस ते वाटेवरचे म्हणूनच काय ते ठाऊक. आम्हीही आजवर त्याचे दर्शन डब्यातूनच घेतले होते. परवा मात्र मुद्दाम उतरलो.

गाव सीमेवरचे, कानडी व मराठी दोन्ही भाषा येथे एकत्र नांदतात. बाजार समितीच्या आवारात तुरीची पोती रचलेली होती. तेवढ्यात एक मापाडी काटा सोडून पुढे आला व पायांस हात लावून म्हणाला, "गुरुजी, वळखलं का?"

ओळखले. 1984 साली सोलापुरात हा आमच्या वर्गात होता, गणितात पहिला. बाप गिरणीत साच्यावर. बाप आजारी पडताच मुलास बदली कामगार म्हणून बोलावणे आले. तेव्हा आम्हीच त्यास म्हणालो होतो, "जा, गिरणीची नोकरी पक्की!" दहा वर्षांत ती गिरणी बंद पडली, आणि हा सासुरवाडीस दुधनीला आला.

परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसलो असता मनात विचार आला, की या सर्व कथेचे मूळ या रुळांतच आहे. 1860 मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली. 1871 मध्ये ती येथून पुढे रायचूरपर्यंत गेली. तिने विलायती कापड आणले व हातमाग खचविले. पुढे 1876 ते 78 चा घोर दुष्काळ पडला. त्याच धामधुमीत, 1877 साली, सोलापुरात जुनी मिल सुरू झाली. मग लक्ष्मी, विष्णु, नरसिंगगिरजी. खेड्यांतला कुणबी आणि तेलंगणातला पद्मशाली एकाच भोंग्यावर उठू लागले. कोणी साचेवाला, कोणी जॉबर, कोणी मुकादम. जन्माच्या उतरंडीवर हजेरीपटाची नवी उतरंड चढली. आमच्यासारख्या घरांनी त्यात कारकुनी व मास्तरकी मिळविली, आणि तरीही आपण त्या धुरापासून सोवळे आहो असे मानले!

'यंत्र' शब्दात 'यम्' म्हणजे आवरणे, हा धातू आहे. मनुष्याने यंत्रास आवरावे, की यंत्राने मनुष्यास? सोलापूरचे ते भोंगे एकेक करून थांबले. परंतु त्यांच्या वेळेवर ज्यांनी आयुष्ये लावली, त्यांस पुढची वेळ कोणी सांगितली नाही. आम्ही तर नाहीच.

निरोप देण्यास तो स्टेशनापर्यंत आला होता. गाडी दिसू लागली तेव्हा म्हणाला, "गुरुजी, पोरगी पुण्याला कंपनीत लागली. नोकरी पक्की आहे म्हणतात."

'पक्की' हा शब्द आमच्या जिभेवर आला होता, तो गिळला. इतकेच विचारले, "आणि तिचे शिक्षण? ते पुरे झाले ना रे?"

"रात्रीचं चालू आहे, गुरुजी."

"मग ते सोडू देऊ नकोस," आम्ही म्हणालो. चाळीस वर्षे उशिरा का होईना, म्हणालो.